९७ आसनांवरून १२५ वर जाताना

तुमचे प्रश्न दोन आहेत. विमान कंपनी छोटी जेट काढून नव्या प्रकारची विमानं आणते तेव्हा एवढा वेळ का लागतो, आणि प्रवाशाच्या पदरात काय पडतं? मी बरीच वर्षं विमानांची वेळापत्रकं आखली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उदाहरण स्वित्झर्लंडच्या ‘स्विस’ या विमान कंपनीचं घेतो, कारण तिथे हा बदल स्पष्ट दिसतो. त्यांच्याकडे एव्हरो आरजे१०० होती. ९७ आसनं, पंख छताच्या पातळीवर आणि त्याखाली चार छोटी इंजिनं. स्विसच्या आधीच्या क्रॉसएअर कंपनीच्या काळापासून या विमानाला लाडाने ‘जम्बोलिनो’ म्हणत. त्याच्या जागी १२५ आसनांचं बॉम्बार्डिए सीएस१०० आलं, ज्याला आज आपण एअरबस ए२२०-१०० म्हणतो. पक्की ऑर्डर २००९ ची, पहिलं प्रवासी उड्डाण १५ जुलै २०१६ ला झुरिक ते पॅरिस, आणि शेवटची एव्हरो निवृत्त झाली ऑगस्ट २०१७ मध्ये. सात वर्षं वाट पाहण्यात गेली आणि नंतरचे तेरा महिने दोन्ही प्रकार एकत्र चालवण्यात.

खरा त्रास या तेरा महिन्यांतला. एव्हरो जुन्या पद्धतीचं, दांडा धरून उडवायचं विमान. सीएस१०० फ्लाय-बाय-वायर, म्हणजे वैमानिकाचे आदेश संगणकामार्फत विजेच्या तारांनी जातात, आणि बाजूला छोटी साइडस्टिक. वैमानिकाला नवं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याचा परवाना, घ्यावं लागतं. तो सिम्युलेटरवर गेला की त्या काळात जुनं विमानही उडवत नाही, म्हणजे माणूस पगारावर असतो पण रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या यादीत, नसतो. सुटे भाग दोन्हीचे ठेवायचे, तंत्रज्ञही दोन्हीचे हवेत.

आणि ऐनवेळी लागणारं राखीव, म्हणजे स्पेअर, विमान! मी जिथे काम करत होतो तिथे अशाच बदलाच्या वेळी एका सकाळी नवं विमान बिघडलं आणि हाताशी फक्त जुनं, लहान विमान होतं. गेटवर उभं राहून ज्यांना मागे ठेवायचं त्यांची नावं काढावी लागली. एका बाईंना दुपारी बहिणीच्या ऑपरेशनला पोचायचं होतं. त्यांच्यासाठी जागा मिळाली, पण इतरांना संध्याकाळपर्यंत बसावं लागलं. ९७ आणि १२५ यांत २८ चा फरक आहे. कागदावर तो क्षमतावाढ असतो, अशा दिवशी ती २८ माणसं असतात.

आता इंजिनांबद्दल. सीएस१०० च्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात पंखा आणि टर्बाइन (गरम वायूने फिरणारं चक्र) यांच्यामध्ये गिअर आहे, त्यामुळे मोठा पंखा सावकाश आणि टर्बाइन जोरात, दोघंही आपापल्या सोयीच्या वेगाने फिरतात. सगळे याला नवीन शोध समजतात. पण एव्हरोच्या इंजिनातही गिअरच होता! ते हेलिकॉप्टरच्या इंजिनावरून विकसित झालेलं होतं. फरक पडला तो आकाराचा: नव्या इंजिनाचा पंखा ७३ इंच व्यासाचा. शिवाय चारऐवजी दोनच इंजिनं म्हणजे दुरुस्तीचा खर्चही खूप उतरतो, आणि माझ्या मते जुनी विमानं काढण्यामागे हे कारण इंधनाइतकंच मोठं असतं.

पण नवं इंजिन लगेच मुरत नाही. २०१९ मध्ये काही महिन्यांत इंजिन बिघाडाच्या घटना घडल्यावर त्या ऑक्टोबरमध्ये स्विसने आपली ए२२० विमानं तपासणीसाठी काही काळ जमिनीवर ठेवली. योग्यच केलं. पण तोवर एव्हरो केव्हाच गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा आधार उरला नव्हता.

लंडन सिटी विमानतळाचंही सांगायला हवं. तिथे ५.५ अंशांच्या उतारावरून उतरावं लागतं, एरवी हा उतार ३ अंश असतो. एव्हरोच्या शेपटीला पाकळ्यांसारखा उघडणारा एअरब्रेक असल्याने तिला ते जमायचं. स्विसचं सीएस१०० तिथे जायला लागलं ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि एव्हरो गेल्या त्याच महिन्यात. मला तो योगायोग वाटत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर आसनामागे खर्च कमी होतो, पण एका फेरीचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. युरोपात प्रत्येक ५० आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी लागतो, म्हणजे ९७ आसनांना दोन आणि १२५ ना तीन. उतरण्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी वजनावर असतं आणि नवं विमान जास्त जड. म्हणून ज्या मार्गावर एका फेरीला ७०-८० च माणसं मिळतात तिथे कंपनी दिवसाच्या तीन फेऱ्यांच्या दोन करते. विमान भरतं, पण सकाळी जाऊन रात्री परतण्याची सोय जाते. छोट्या गावांचं नुकसान होतं ते असं, आणि याबद्दल कंपन्या मोकळेपणी बोलत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

प्रवाशाचा फायदाही खरा आहे. रांगेत दोन आणि तीन अशी आसनं, मधलं आसन १९ इंच, बाकीची १८.५. मधल्याला जास्त जागा देण्याचा हा विचार मला फार आवडतो.

तुमच्या मार्गाचं काय होणार हे कळायला भाड्याकडे पाहू नका. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या. दोन्हींत आठवड्याच्या फेऱ्या मोजा, आणि सकाळची पहिली व रात्रीची शेवटची फेरी टिकली आहे का ते बघा.