आजीच्या गाठोड्यातले रुपये

भाऊ, आजीच्या गाठोड्यात सापडलेले ते जुने रुपये विकायचे असतील तर चिंच-मीठ लावून उजळू नका. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळसर रंग संग्राहकाला हवाच असतो. घासून चमकवलेलं नाणं त्याच्या मनातून उतरतं, आणि गेलेला रंग परत येत नाही. एवढं तरी माझं ऐकाच.

आधी सोनाराच्या काट्यावर वजन करा. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७ चा तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो. चांदीचा भाव हा तळ समजा, त्याखाली देऊ नका.

त्यावरचा भाव झीज ठरवते. मुकुटाची नक्षी, कानाजवळचे केस, कडेचे दाते भिंगातून बघा. आपल्या खेड्यांत बाया रुपयांना कडी जोडून त्यांची माळ घालायच्या. कडी जोडताना केलेल्या त्या झाळणीचा (धातू वितळवून केलेल्या जोडाचा) डाग असला की नाणं जवळजवळ चांदीच्याच भावात जातं.

जुनं साल म्हणजे महाग, असं नाही. १८६२ हेच साल घालून पुढे अनेक वर्षं रुपये पाडत राहिले, म्हणून तो रुपया भरपूर मिळतो. १९३९ चा मात्र दुर्मीळ, त्यामुळे त्याच्या नकलाही फिरतात. १९११ च्या रुपयावर राजा पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने बरेच वितळवले. तो सापडला तर घाईने विकू नका.

राम-सीतेचं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं कुणी दाखवलं तर पैसे देऊ नका. कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नाही.