वेल्सहून जपानला लाकूडकामाला जाताना

हत्यारांची पिशवी आधी हलकी कर. वेल्समध्ये तू रंधा पुढे ढकलायला शिकलास. जपानी रंधा, म्हणजे कान्ना, अंगाकडे ओढायचा. करवतही ओढतानाच कापते. ढकललीस की पातळ पातं वाकलंच. माझं पहिल्याच सकाळी वाकलं, आणि करवत उसनी होती!

सुरुवातीचे दिवस धार लावण्यातच जातील, कंटाळू नकोस. कान्नाच्या पात्याच्या माथ्यावर हातोडीने हलकंच टकटक केलं की पातं खाली उतरतं. पातं ज्यात बसतं त्या लाकडी ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोकलं की वर येतं. दमट हवेत ठोकळ्याचा तळ वाकडातिकडा होतो, म्हणून रोज पट्टी लावून बघायचा. मग कुठे पारदर्शक कीस निघतो.

भेट म्हणून वेल्सचा लाकडी प्रेम-चमचा ने, म्हणजे प्रिय व्यक्तीला द्यायचा कोरीव चमचा. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयातला १६६७ सालचा चमचा निघण्यापूर्वी बघून ये. पण जपानमध्ये जाऊन हिनोकीत, म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडात, तसं कोरीवकाम करायला जाऊ नकोस. नुकत्याच तोडलेल्या, ओल्या सिकॅमोर लाकडाची सवय असलेल्या हाताने वाकडी सुरी जोरात फिरवलीस, तर त्या मऊ लाकडाचे तंतू उपटून येतात.

आणि जमिनीवर बसून काम करायची सवय आत्तापासून लाव. गुडघे आधी बोंबलतात, हात नंतर.