‘कोस्टिंग’ म्हणजे काय हो?

प्रश्न : सर, माझी लेक इंग्लंडमध्ये असते. नातू तेरा वर्षांचा. त्याच्या शाळेच्या रिपोर्टमध्ये गणिताच्या बाईंनी लिहिलंय, ‘ही इज कोस्टिंग.’ डिक्शनरी काढली तर ‘समुद्रकिनारा’ निघाला. लेक म्हणते, ‘आई, मार्क चांगले आहेत, तू नको काळजी करूस.’ पण मला ते वाक्य टोचतंय. तो पाट्या टाकतो, असं बाईंना म्हणायचंय का? – एक आजी, मिरज

उत्तर : ताई, टोचलं ते योग्यच टोचलं. पण पाट्या टाकणं वेगळं. पाट्या टाकणाऱ्याला कामाचा कंटाळा असतो, त्याचा डोळा घड्याळावर असतो. अंग राखून काम करणारा तर ठरवून हात आखडता घेतो. तुमचा नातू यातलं काहीच करत नसेल.

शब्दाचं मूळ सांगतो, म्हणजे अर्थ आपोआप उलगडेल. लॅटिनमध्ये ‘कोस्टा’ म्हणजे बरगडी. बरगडीवरून शरीराची बाजू, बाजूवरून जमिनीची कड, म्हणजे किनारा. आणि डोंगराची बाजू, म्हणजे उतार. आपण नाही का डोंगराची ‘कूस’ म्हणत? अगदी तसंच. (आपलं कटलेटसुद्धा याच बरगडीतून आलंय.) अमेरिकेत बर्फाच्या उतारावरून घसरगाडीने खाली येण्याला कोस्टिंग म्हणू लागले. सायकली आल्यावर शब्द सायकलवर चढला. सुरुवातीच्या सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडलही फिरायचंच, त्यामुळे उतार लागला की लोक पाय पायडलवरून काढून पुढे टेकवायचे. पाय थांबले तरी सायकल पळते, ते कोस्टिंग.

मी साताऱ्यात पस्तीस वर्षं शिकवलं. यवतेश्वरच्या घाटात पोरं सायकल हातात धरून घामाघूम होत वर चढवायची आणि येताना एकही पायडल न मारता खाली. फ्रीव्हीलची टिकटिक लांबून ऐकू यायची. उतार संपून सपाटी लागली तरी सायकल बराच वेळ तशीच पळते, आणि त्या वेळात वरच्या पोराला वेग कमी होतोय हे कळतच नाही. बाई नेमकं हेच सांगताहेत. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे : पूर्वपुण्याईवर चाललंय.

म्हणजे या शेऱ्यात आधी कौतुक आहे, ते विसरू नका. ज्याने कधी चढ चढलाच नाही, त्याला कोणी कोस्टिंग करतो म्हणत नाही. पण बाई काळजीने सांगताहेत, आणि तिथल्या शिक्षणात हा शब्द गंभीरपणे घेतात. इंग्लंडच्या २०१६ च्या एका शिक्षण कायद्यात ‘कोस्टिंग’ शाळांसाठी वेगळं कलमच होतं. मुलांना त्यांच्या कुवतीइतकं पुढे न नेणाऱ्या शाळांवर सरकारला लक्ष ठेवायचं होतं.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. आठवीत बीजगणिताची उत्तरं तो तोंडी सांगायचा. वहीत पायऱ्या नाहीत, फक्त उत्तर, खाली दोन रेघा. उत्तर बरोबर असायचं म्हणून मीही मार्क देत गेलो. दहावीत भूमितीच्या सिद्धता आल्या. तिथे उत्तर आधीच दिलेलं असतं, पायऱ्याच लिहायच्या असतात. सहामाहीच्या पेपरात त्याने ‘पक्ष’ लिहिला, ‘साध्य’ लिहिलं आणि खाली अर्धं पान कोरं ठेवलं. ते कोरं पान मला अजून दिसतं. आठवीतच त्याला थांबवून ‘पायऱ्या दाखव’ म्हणायला हवं होतं. तुमच्या नातवाच्या बाई ते वेळेत म्हणताहेत, म्हणून मला त्या फार आवडल्या.

लेकीला म्हणावं, बाईंना भेटून एकच विचार : त्याला थोडी वरच्या पातळीची गणितं देता का? जास्त गणितं नकोत, अवघड हवीत. तीच ती शंभर सोडवून चढ लागत नाही.

आणि रविवारी फोनवर बोलाल तेव्हा मार्क विचारू नका. ‘या आठवड्यात कुठलं गणित अडलं रे?’ एवढंच विचारा. ‘एकही नाही, आजी’ असं उत्तर आलं, तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. अडलेलं एखादं तो सांगू लागला, की मला जरूर कळवा.