त्वचेतून परागकणांची लस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसाळा सरत आला की माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज असा त्रास सुरू होतो. तपासणीत गवताच्या परागकणांची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी तीन वर्षं इंजेक्शनं सांगितली आहेत. दंडावर पॅच लावूनही हा उपचार होतो असं ऐकलं. तो आपल्याकडे मिळतो का?
– एक पालक, सातारा

उत्तर : नाही. परदेशातही परागकणांच्या ॲलर्जीचा पॅच (परागकणांचा अर्क असलेली, त्वचेवर चिकटवायची पट्टी) औषधाच्या दुकानात मिळत नाही, तो अजून चाचण्यांपुरताच आहे. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात झालं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत 37 जण होते. 2012 च्या चाचणीत 132 जणांच्या दंडावर आठवड्याला एक असे सहा पॅच लावले, प्रत्येक पॅच आठ तास ठेवून. सर्वाधिक डोस मिळालेल्यांचा त्रास अर्काशिवाय नुसता पॅच लावलेल्यांपेक्षा त्या मोसमात 30 टक्क्यांहून थोडा जास्त, तर पुढच्या मोसमात 24 टक्के कमी झाला. सहा पॅचच्या मानाने हे चांगलंच आहे, पण डोस वाढवला तसा पॅचखाली इसबही वाढला. काहींच्या अंगभर प्रतिक्रिया आली आणि त्यांना चाचणीतून बाहेर काढावं लागलं. पॅचची वाट पाहत मुलीचे दोन-तीन मोसम घालवू नका. इंजेक्शनं किंवा जिभेखाली ठेवायचं औषध, यांतलं डॉक्टर सुचवतील ते सुरू करा.

प्रश्न : त्वचा तर बाहेरचं काही आत येऊ देत नाही. मग पॅचमधलं प्रथिन आत जातं कसं? आणि सरळ सुई असताना हा खटाटोप कशाला?
– विज्ञान शिक्षक, नाशिक

उत्तर : खटाटोपाचं कारण आधी. त्वचेच्या सर्वांत वरच्या भागात, म्हणजे बाह्यत्वचेत, रक्तवाहिन्या नसतात, पण लँगरहान्स पेशी भरपूर असतात. आलेलं प्रथिन पकडून जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवणं हे त्यांचं काम. म्हणजे प्रतिकारयंत्रणेला ओळख पटते, पण प्रथिन एकदम रक्तात उतरत नाही. इंजेक्शनाचा डोस त्वचेखालच्या चरबीत जातो, तिथे रक्तवाहिन्या असतात. म्हणूनच इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात.

आता आत कसं जातं ते. मृत पेशींचा वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा असतो, पण साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू त्यातून सहसा जात नाही. गवताच्या परागकणातलं एक मुख्य प्रथिन 30 हजार डाल्टनच्या आसपास असतं. म्हणून झुरिकमध्ये पॅचआधी त्याच जागी चिकटपट्टी लावून ओढायचे. पहिल्या चाचणीत हे सहा वेळा केलं. प्रत्येक ओढीला मृत पेशींचा एक पापुद्रा निघतो. शिवाय त्वचा किंचित दुखावल्यामुळे तिथल्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात आणि लँगरहान्स पेशी जाग्या होतात.

सगळी मेख या ओढण्यात आहे. कमी ओढलं तर प्रथिन वरच पडून राहतं. जास्त ओढलं तर त्वचा लाल होऊन पाझरते, प्रथिन खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतं आणि अंगावर पित्त उठतं. पट्टीचा चिकटपणा, दाब, ओढायचा वेग, माणसाची त्वचा कोरडी की घामट, प्रत्येक गोष्टीने आत जाणारा डोस बदलतो. दवाखान्या-दवाखान्यांत एकसारखा डोस देता येत नसेल, तर असं औषध बाजारात आणणं अवघड. म्हणूनच लेझरने ठराविक खोलीची सूक्ष्म छिद्रं पाडणं किंवा सूक्ष्म सुयांची चकती वापरणं, असे प्रयोग चालू आहेत.

कल्पना मात्र जुनी आहे. गवताच्या परागकणांचं पहिलं इंजेक्शन लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये दिलं, ते 1911 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर दहाच वर्षांनी पॅरिसमध्ये घोड्याची ॲलर्जी असलेल्यांच्या ओरखडलेल्या त्वचेवर अर्क लावून पाहिला गेला. 1950 च्या दशकात फ्रेंच डॉक्टर ब्लामूतिए यांनी हाताच्या आतल्या बाजूला बुद्धिबळाच्या पटासारख्या आडव्या-उभ्या रेघा, रक्त येणार नाही इतक्या वरवर, ओढून त्यावर परागकणांच्या अर्काचे थेंब सोडले. गुण यायचा, पण रुग्णाला ते वारंवार सोसावं लागायचं. ती पद्धत मागे पडली यात नवल नाही.

प्रश्न : परागकण गोळा करून पाण्यात कालवून घरीच हातावर घासले तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात करू नका. गोळा केलेल्या परागकणांत बुरशी आणि दुसऱ्या वनस्पतींचे कणही असतात, शिवाय डोस किती गेला हे कळत नाही. दुखावलेल्या त्वचेतून अनोळखी प्रथिन गेलं तर ॲलर्जी बरी व्हायच्या ऐवजी नवी जडू शकते. इसब असलेल्यांना तर जास्तच.

प्रश्न : शेतात गाजर गवत उपटल्यावर चेहरा, मान, हात लाल होऊन खाजतात. माझी ‘पॅच टेस्ट’ झाली आहे. हाच तो उपचार का?
– शेतकरी, जि. अहिल्यानगर

उत्तर : नाही. पॅच टेस्ट हे निदान आहे. पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात आणि त्या वेळी व पुढे एक-दोन दिवसांनी वाचतात. तुमचा त्रास उशिरा उमटणारी संपर्क-ॲलर्जी दिसतो. तो गाजर गवतातल्या पार्थेनिनसारख्या रसायनांमुळे होतो, शिंका आणणाऱ्या परागकणांच्या ॲलर्जीची यंत्रणा वेगळी. तिची तपासणी टोचून होते, निकाल 15-20 मिनिटांत कळतो आणि त्याआधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. काहींना दोन्ही त्रास असतात, म्हणून शिंकाही येत असतील तर डॉक्टरांना वेगळं सांगा. तूर्त पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, काम संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ आणि त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं मलम. गवत उपटायचं तर फुलोरा येण्याआधी, आणि ते जाळू नका.

प्रश्न : इंजेक्शननंतर दंडावर तळहाताएवढी सूज येते. उपचार सोडावा का?
– गृहिणी, डोंबिवली

उत्तर : नुसती सूज असेल तर सोडू नका. बर्फाचा शेक घ्या, जागा चोळू नका, आणि पुढचा डोस भरण्याआधी सुजेचा आकार व ती किती वेळ टिकली ते सांगा. डोस तोच ठेवायचा की कमी करायचा हे डॉक्टर ठरवतील. मध्ये काही आठवडे खंड पडला, नवी बाटली सुरू झाली किंवा दम्याचा जोर असला तरी आधी सांगा. यांतल्या पहिल्या दोन वेळी डोस बहुधा कमी करतात, दम्याचा जोर असेल तर त्या दिवशी इंजेक्शन देतच नाहीत. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण प्रतिक्रिया आलीच तर तातडीने द्यायच्या ॲड्रेनालिन इंजेक्शनाचा परिणाम कमी पडू शकतो.

अर्ध्या तासात घशात आवळल्यासारखं वाटलं, आवाज बसला, अंगभर पित्त उठलं किंवा चक्कर आली तर नर्सला लगेच हाक मारा. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनालिन देतात. घरी पोचल्यावर असं झालं तर गोळी घेऊन वाट पाहत न बसता 108 ला फोन करा.