टिडालिक, आक्का आणि सिंकमधलं दूध

प्रिय मनू,

सोमवारी मी तुझ्यावर ओरडले. "जा, दात घास" हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शिवाय तेव्हा साडेसहाच वाजले होते, म्हणजे दात घासायची वेळही नव्हती. तू काही न बोलता गेलीस आणि खरंच दात घासून आलीस, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

झालं असं होतं. मी सिंकच्या कडेला ताम्हन ठेवून त्यात आपली ती छोटी पिंड ठेवली होती. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधून दूध ओतत होते. ताम्हन भरलं, दूध ओघळून सिंकमध्ये गेलं, आणि तू म्हणालीस, "आई, तू त्या टिडालिक बेडकासारखं करतेयस." मग जरा विचार करून म्हणालीस, "नाही, त्यानं पाणी निदान पोटात तरी ठेवलं होतं. त्यांच्या गोष्टी पाणी सांभाळायला शिकवतात. आपल्या काय शिकवतात?"

मला राग आला. तुझा नाही. हाच प्रश्न मी आठ-नऊ वर्षांची असताना आक्काला, माझ्या आजीला, विचारला होता, आणि मलाही तेव्हा असंच गप्प बसवलं होतं. ते एकदम आठवलं म्हणून.

हे पत्र बाबांकडून वाचून घे, मधले काही शब्द तुला अडतील. आवडलं नाही तर अर्ध्यात सोडलंस तरी चालेल.

टिडालिकची गोष्ट तू मला जुलैत सांगितलीस. गाडीत, मागच्या सीटवरून. इथे ऑस्ट्रेलियातल्या तुझ्या शाळेत त्या मूळनिवासी बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलेली. तू आधी म्हणालीस, "ही गुनाइकुर्नाई लोकांची गोष्ट आहे, गिप्सलँडमधली. घरी सांगायला परवानगी आहे, पण कुणाची ते सांगायचं." मग सुरुवात केलीस. एक बेडूक तहानेनं उठला आणि नद्या, डबकी, ओहोळ, सगळं पिऊन बसला. झाडं वाळली, प्राणी तडफडायला लागले. त्याला मारायचं नाही, हसवायचं असं ठरलं. कुकाबुरा पक्ष्याने विनोद सांगून पाहिले, कांगारूने एमूवरून उड्या मारल्या, सरड्याने पोट फुगवून दाखवलं. बेडूक ढिम्म. शेवटी ईल आली, सापासारखी लांब मासळी, आणि शेपटीवर उभी राहून वेडीवाकडी नाचली. बेडूक हसला, आणि सगळं पाणी भसाभस बाहेर.

मला त्यातलं हसवणं फार आवडलं. आपल्याकडे असा कुणी पाणी पिऊन बसला असता तर देवाला अवतार घ्यावा लागला असता, चक्र नाही तर त्रिशूळ निघाला असता. (हे तुझ्या आजीला सांगू नकोस.) पण मग तू म्हणालीस की काही जणांच्या सांगण्यात पुढे पूर येतो आणि कितीतरी बुडतात. म्हणजे हसून सगळं नीट झालं असंही नाही. वाचनालयातल्या चित्रांच्या पुस्तकात ते नव्हतं. त्यात शेवटी एकच ओळ होती, हावरटपणा करू नये. आम्हाला शाळेत प्रत्येक गोष्टीखाली 'तात्पर्य' असायचं, ते वहीत लाल शाईने लिहायचं. मला ते कधीच आवडलं नाही. गोष्ट ऐकून झाली की कुणीतरी तिची साल काढून हातात दिल्यासारखं वाटायचं. त्या बाईंनीही तुम्हाला सांगितलं म्हणे, की ही नुसती गोष्ट नाही, हा आमचा कायदा आहे. ते मला तात्पर्यापेक्षा जास्त कळलं.

कळण्याचं कारण माण, साताऱ्यातला आपला दुष्काळी तालुका. तू माण पाहिलंयस, पण डिसेंबरात, तेही चार दिवस. तुला आठवतात बाळूतात्याची शेळी आणि म्हसवडची जत्रा. माझं माण एप्रिल-मे महिन्यातलं आहे. तिथे श्रावणही कोरडाच जायचा. मराठीच्या पुस्तकातला हिरवागार श्रावण दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात पडत असावा, असं मला बरीच वर्षं वाटायचं. उन्हाळ्यात टँकर यायचा. तो विहिरीत पाणी ओतायचा आणि विहिरीच्या काठावर कळशा, घागरी, पोहरे, भांडणं. नानांच्या हातावर जी खूण आहे ना, ती विहिरीच्या दगडाची.

आणि त्याच दिवसांत, चैत्रात, शिखर शिंगणापूरची यात्रा. शंभू महादेव. लांबलांबून कावडी येतात, मुंगी घाटाची ती उभी चढण माणसं कावड खांद्यावर घेऊन, दोर धरून चढतात. कावडीत काय असतं? पाणी. देवाला घालायला. मी आक्काच्या बोटाला धरून ते बघत होते आणि विचारलं, "आक्का, आपल्याला प्यायला न्हाय, आन् ह्ये देवाला का वततात?"

आक्का म्हणाली, "गप बस."

तर आपल्या घरात ही परंपरा आहे, मनू. प्रश्न विचारण्याची आणि गप्प बसवण्याची, दोन्ही.

पण त्याच वर्षी श्रावणात, सोमवारी, उपास सोडायच्या आधी आक्कानं कहाणी सांगितली. सुमाकाकू शाळा शिकलेली, ती पुस्तकातून वाचायची, भराभर, जेवण थंड होतंय म्हणून. आक्काला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिची कहाणी लांबायची. आटपाट नगर व्हतं. तिथं राजा व्हता. त्याच्या मनात आलं की महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा. दवंडी पिटली, घरातलं समदं दूध देवळात आणा. लोक भ्याले. पोरांना ठेवलं नाही, वासरांना ठेवलं नाही, सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं घरचं काम आवरलं होतं, पोरंबाळं जेवू घातली होती, वासरांना पाजलं होतं. उरलं ते खुलभर दूध घेऊन आली, तेवढं वाहिलं आणि गेली. मागं बघतात तर गाभारा भरलेला.

राजानं तिला गाठून विचारलं तेव्हा म्हातारी काय म्हणाली, ते आक्का आपल्या मनानं सांगायची. "आरं, पोरं रडत्यात, वासरं हंबरत्यात, त्येंच्या तोंडचं काढून आणलेलं देवाला गिळंल व्हय?"

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती की नाही, आता नक्की सांगता येत नाही. मला वाटतं बघत होती. कदाचित ते मला आज वाटतंय, तुझ्यासाठी.

आक्का बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलो खाल्लेली, सुकडी खाल्लेली बाई. मिलो म्हणजे बाहेरदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीची चव ती वीस वर्षांनी सांगायची तरी तोंड वाकडं करायची. त्या वर्षी त्यांनी गाय विकली. घरात दूध नावाचा पदार्थ नव्हता. तिनं श्रावणी सोमवारी पिंडीवर काय वाहिलं असेल? मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही.

म्हणजे बघ, आपल्या गोष्टीतही एक टिडालिक आहे. तो राजा आहे. साऱ्या गावाचं दूध एका ठिकाणी नेऊन बसला. फक्त आपल्या गोष्टीत बेडकाला कुणी हसवत नाही, एक म्हातारी त्याला तोंडावर सुनावते.

असं लिहिलं आणि मलाच शंका आली. आपली गोष्ट तुझ्या शाळेतल्या गोष्टीच्या शेजारी नेऊन बसवली की ती पास झाली, असं मी करतेय का? आपल्या सगळ्या कहाण्या अशा नाहीत. प्रसाद घेतला नाही म्हणून व्यापाऱ्याची माणसं आणि होड्या बुडवणारी गोष्ट आहे. वसा टाकला म्हणून दारिद्र्य आलं, अशा तर ढीगभर. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची, अजूनही थोडी वाटते. सोमवारी मी दूध ओतत होते ते भक्तीनं, सवयीनं की न ओतलं तर काही होईल या भीतीनं, हे मला सांगता येणार नाही. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तेच आहे. आपल्या काही गोष्टी सांभाळायला शिकवतात, काही घाबरायला, आणि एकाच तोंडून ऐकल्यामुळे मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

अजून एक. मी मेलबर्नला आले २००८ च्या जुलैत. तेव्हा इथे कित्येक वर्षांचा दुष्काळ चालू होता. माणशी दिवसाला १५५ लिटर पाणी वापरा, असं सरकार त्या डिसेंबरात सांगायला लागलं. १५५! बाबांना मी म्हटलं, आमच्या अख्ख्या घराला एवढं मिळालं असतं तर नानांनी पेढे वाटले असते. पुढच्या वर्षी जूनमध्ये धरणं जेमतेम पाव भरलेली होती. तेव्हा कळलं की या शहराचं निम्म्याहून जास्त पाणी एकट्या थॉमसन धरणात मावतं, आणि ते धरण गिप्सलँडमध्ये आहे. टिडालिकच्या मुलखात. तिथलं पाणी आपल्या नळाला येतं, मनू. तर तू मला टिडालिक म्हणालीस ते तुला वाटलं त्यापेक्षा जास्त खरं आहे.

मी आले त्याच वर्षी फेब्रुवारीत इथल्या संसदेत पंतप्रधान केव्हिन रड यांनी माफी मागितली होती. आईबापांपासून तोडून नेलेल्या मूळनिवासी मुलांची. ते तुम्ही शाळेत शिकलायत, माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत असेल. मला मात्र परवा रात्री, तुझं पांघरूण नीट करताना, एक नवीनच सुचलं. त्या मुलांना त्यांच्या आज्यांच्या गोष्टी ऐकू दिल्या नाहीत. त्यांची भाषा बोलू दिली नाही. तरी त्यातल्या कुणाकुणाच्या घरात गोष्टी उरल्या, आणि त्यांतली एक जुलैत तुझ्या वर्गापर्यंत आली. मला तर कुणीच अडवलं नव्हतं. दहा वर्षांत मी तुला खुलभर दुधाची कहाणी एकदाही सांगितली नाही. पिंड आणली, ताम्हन आणलं, दूध ओतलं, आणि कहाणी विसरले. मग तुला ते सिंकमध्ये वाया जाणारं दूध दिसलं, दुसरं काय दिसणार?

हे वाचून तुला वाईट वाटायला नको, आणि आता मी दर सोमवारी धरून बसवून गोष्टी सांगेन अशी भीतीही नको. बाबा म्हणालेच, "आता कहाण्यांचा क्लास लावू नकोस." लावणार नाही.

एवढंच ठरवलंय. येत्या सोमवारी चमचाभर दूध. ते ताम्हनातून कढीपत्त्याच्या कुंडीत. उरलेलं तुझ्या कॉर्नफ्लेक्सला, आणि तू ते माझ्या आधी खायचं. यायचं असेल तर स्वयंपाकघरात ये, नसेल तर टीव्ही बघ. गोष्ट सांगायची झाली तर तुझ्यासारखीच सुरुवात करीन, ही आक्काची, माण तालुक्यातली. आम्ही नेहमी आटपाट नगर म्हणतो, जे कुठेच नसतं. कुणाची आणि कुठली ते आधी सांगायचं, हे मी तुझ्याकडून शिकले.

आणि हो, काल आजीचा फोन आला तेव्हा तू पोहायला गेली होतीस. मी तिला टिडालिकची गोष्ट सांगितली, आधी गुनाइकुर्नाई म्हणून, दोनदा, कारण पहिल्यांदा माझं चुकलं. ईल तिला कळेना, मग मी वाम म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "वाम शेपटीवर हुबी ऱ्हाती? मनूला ईचार बरं नीट."

तेवढं विचारायचंय.

तुझी,
आई