दुसऱ्या महायुद्धात शत्रू समोर नसताना, सरावात आणि चाचणी उड्डाणांत इतके वैमानिक का मेले?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: गोळी न लागता हजारो वैमानिक गेले कसे, ते नवशिके होते म्हणूनच ना, आणि अशा मरणाला लढाईतल्या मरणाइतका मान मिळाला का. सुरुवात मधल्या प्रश्नापासून करतो. नवशिके होते हे खरंच आहे, पण ते अर्धंच उत्तर झालं.

मी वैमानिक नाही. सत्तावीस वर्षं हँगरमध्ये काढली, विमानं उडण्याजोगी ठेवायचं काम केलं. त्यामुळे अपघाताच्या अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असं दिसलं की मी मागची पानं उलटायला लागतो. ते विमान त्याच्या हातात कुणी दिलं, कशा अवस्थेत दिलं आणि किती घाईत दिलं?

आकडा बघा. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने आपल्याच देशाच्या मुख्य भूमीवर ५२,६५१ अपघात नोंदवले. त्यांतले ६,०३९ जीवघेणे होते आणि त्यांत १४,९०३ माणसं गेली. दिवसाला जवळपास अकरा. सराव, चाचणी, विमानं इथून तिथे पोहोचवणं, सगळं यात आलं. ब्रिटनच्या बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, म्हणजे बॉम्बर कमांडचे, ५५,५७३ विमानसैनिक युद्धात मेले, त्यांतले ८,००० हून अधिक अपघातांत.

आता एकाच अपघाताजवळ जरा थांबतो, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला तो विसरता येत नाही.

७ जून १९४२, रविवार. इंग्लंडमधल्या डेफर्डच्या तळावरून हॅलिफॅक्स जातीचं चार इंजिनांचं बॉम्बर चाचणीसाठी उडालं. क्रमांक व्ही ९९७७. पोटात एचटूएस नावाचं नवं रडार होतं. रात्री, ढगांवरून, खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर दाखवणारं. विमानात अकरा जण, आणि त्यात लष्करी माणसांबरोबर शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरही. त्यांतला एक अ‍ॅलन ब्लमलाइन. वय ३८, नावावर १२८ पेटंट. दोन कानांना दोन वेगळे आवाज ऐकवणारं, ज्याला आज आपण स्टिरिओ रेकॉर्डिंग म्हणतो, त्याची कल्पना आणि पेटंट त्याचंच, १९३१ चं.

उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती विझली नाही. पंख जळत गेला, वैमानिक उतरायला जागा शोधत खाली आला आणि जमीन अगदी जवळ आलेली असताना पंखाचा बाहेरचा भाग तुटून पडला. वाय नदीकाठी, वेल्श बिकनॉर गावाजवळ विमान उलटं होऊन आदळलं. अकरापैकी एकही वाचला नाही.

कारण काय निघालं? इंजिनाच्या टॅपेटवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह (झडप) ढकलून उघडणाऱ्या भागावरचा, एक लॉकनट आधीच्या तपासणीत नीट आवळलेला नव्हता. लॉकनट म्हणजे स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावर आवळायचा नट. ज्यांनी गाडीचं इंजिन उघडलंय त्यांना हे लगेच कळेल. व्हॉल्व्हची फट ठरलेल्या मापाची ठेवायची, स्क्रू तिथे धरायचा आणि लॉकनटवर पाना मारायचा. काम अर्ध्या मिनिटाचं. तो नट सैल राहिला की इंजिनाच्या थरथरीने फट वाढत जाते, व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी जागेवर बसताना आपटतो आणि शेवटी मान टाकतो. इथे इनलेट, म्हणजे आत येणारी वाट उघडणारा-मिटणारा, व्हॉल्व्ह तुटला. मग सिलिंडरमधला जाळ उलटा, पेट्रोलमिश्रित हवा येते त्या वाटेत शिरला. पुढचं सांगायला नको.

ज्याच्या हातून तो नट आवळायचा राहिला तो माणूस कोण, आळशी होता की रात्रपाळी करून थकलेला होता, यावर मी काही बोलणार नाही. मात्र ही चूक हँगरमधल्या कुणाच्याही हातून होऊ शकते, आणि तसं नाही म्हणणाऱ्याच्या हाताखाली मी काम करणार नाही. आमच्याकडे पाळी संपली की हत्यारं मोजायची. फोमच्या ट्रेमध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा, एक खळगा रिकामा दिसला की विमान जागचं हलणार नाही. एकदा एक छोटा पाना सापडेना म्हणून आम्ही विमान दोन तास रोखून धरलं, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. पाना निघाला माझ्याच मागच्या खिशात. तो दिवस आठवला की अजून घाम फुटतो. पण शिव्या खायला दोन तास होते. १९४२ मध्ये कुणाजवळ दोन तास नव्हते. चर्चिलना ते रडार बॉम्बरांवर बसवायची एवढी घाई होती की अपघातानंतरही कामाचा वेग तसाच राहिला, आणि ३० जानेवारी १९४३ च्या रात्री जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या मोहिमेत एचटूएस प्रत्यक्ष वापरलंही गेलं. ब्लमलाइनच्या मृत्यूची बातमी मात्र युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली.

आता शिकाऊ पोरांकडे वळू. एकोणीस-वीस वर्षांची मुलं. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये मूळ उड्डाणशिक्षण झालं की त्यांना ज्या प्रशिक्षण तुकडीत पाठवत, तिथली वेलिंग्टन आणि व्हिटली विमानं बरीचशी आघाडीवर वापरून थकलेली असत. चांगली विमानं लढाईला, जुनी शिकणाऱ्याला. वरवर पाहता हे बरोबर वाटतं. पण विचार करा, बंद पडणारं इंजिन सांभाळायला सगळ्यात जास्त अनुभव लागतो, आणि तेच इंजिन सगळ्यात कमी अनुभव असणाऱ्याला दिलेलं. त्यात सराव रात्रीचा, युद्धामुळे खाली सगळीकडे दिवे बंद, डोंगर दिसणार नाही, गाव दिसणार नाही. आणि शिकणं आणि लढणं यांच्यातली रेषाही पातळ होती. ३० मे १९४२ च्या रात्री जर्मनीतल्या कोलोनवर हजार विमानांचा हल्ला करायचा ठरला तेव्हा आकडा भरेना, म्हणून साधारण तिसरा हिस्सा विमानं प्रशिक्षण तुकड्यांतून आणली. काहींत शिकवणारे बसले, काहींत शिकणारे.

ढगात शिरल्यावर माणूस का मरतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्यांत द्रव असतो. विमान संथपणे एका बाजूला वळत राहिलं की थोड्या वेळाने तो द्रवही त्या वळणाबरोबर फिरायला लागतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय. मग विमान खरोखर सरळ केलं की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो, आणि पोरगा ते ‘सुधारायला’ जातो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाला गप्प करतात. ढगात फक्त काटे असतात. स्वतःच्या शरीराला खोटं ठरवून काट्यांवर विश्वास ठेवायला मोप सराव लागतो. त्यासाठी लिंक ट्रेनर नावाचा डबा होता: लहान मुलांच्या खेळण्यासारखा दिसणारा, निळा, बाजूला पिवळे आखूड पंख, वर झाकण. झाकण लावलं की आत फक्त काटे. त्यात पडलं तर हसून बाहेर यायचं. अशा किती पोरांचे प्राण त्या डब्यानं वाचवले असतील, त्याचा हिशेब मांडता येत नाही.

विमानाच्याच रचनेत घाई कशी शिरते ते पाहायचं तर अमेरिकेचं बी-२६ मरॉडर हे दोन इंजिनांचं बॉम्बर बघा. वेगासाठी पंख लहान ठेवलेले, त्यामुळे उतरतानाचा वेग त्या काळच्या मानाने भलताच. फ्लॉरिडातल्या मॅकडिल तळावर त्याचा सराव चाले आणि शेजारी टॅम्पाची खाडी. ‘रोज एक, टॅम्पा खाडीत’ अशी म्हणच पडली. ‘विधवा करणारं विमान’ हेही त्याचंच नाव. पण तपासात काय सापडलं? त्याच्या पंख्याच्या पात्यांचा कोन विजेवर बदलायचा. जमिनीवर काम करताना बाहेरून वीज जोडायची सोडून विमानाचीच बॅटरी वापरत, ती उतरायची, आणि ऐन उड्डाणाच्या क्षणी कोन सांभाळणारी यंत्रणा दगा देऊन पंखा बेफाम फिरायला लागायचा. आता ही चूक वैमानिकाची म्हणायची?

मग पंख सुमारे सहा फुटांनी लांबवले, जमिनीवरच्या लोकांना नीट शिकवलं, आणि एका इंजिनावरही हे विमान उडतं हे जिमी डूलिटलसारख्या नामवंत वैमानिकांनी पोरांना डोळ्यांदेखत दाखवून दिलं. त्याच बी-२६ चं लढाईत पडण्याचं प्रमाण पुढे युरोपातल्या अमेरिकी बॉम्बरांत सगळ्यात कमी निघालं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र बटणांची आहे. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं नीट उतरायची, आणि धावपट्टीवर पळता पळता वैमानिक फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली काढायचे पडदे) मिटवायला जाऊन चाकंच मिटवायचा. विमान पोटावर! अनुभवी लोकसुद्धा हे करत. अल्फॉन्स चापानिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ अमेरिकी हवाई दलाच्या राइट फील्ड तळावर होता. त्याने वैमानिकांना नावं ठेवण्याआधी कॉकपिट पाहिलं. फ्लॅपचं आणि चाकांचं बटण शेजारी शेजारी, दिसायला एकसारखं, हाताला एकसारखं. सी-४७ या मालवाहू विमानात तशी मांडणी नव्हती, आणि तिथे ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या बटणाला छोटं चाक लावलं, फ्लॅपच्या बटणाला पाचरीसारखा तुकडा. थकलेल्या माणसाच्या बोटांना न बघता कळायला लागलं. आजही प्रवासी विमानाच्या कॉकपिटात चाकांच्या दांडीची मूठ चाकासारखी असते, नियमच आहे तसा. मी ती पुसताना दर वेळी त्या पोटावर घसरलेल्या विमानांची आठवण काढायचो.

आता तुमचा चाचणी वैमानिकांचा मुद्दा. ते तर नवशिके नव्हतेच. १८ फेब्रुवारी १९४३ ला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये बोईंग कंपनीच्या बी-२९ या नव्या बॉम्बरचं दुसरं नमुना विमान पडलं, ते एडी अ‍ॅलनच्या हातात होतं. बोईंगचा प्रमुख चाचणी वैमानिक, त्या काळातल्या सर्वांत जाणत्यांपैकी एक. दोन महिन्यांपूर्वी याच विमानाच्या इंजिनाला आग लागली असताना त्याने ते सुखरूप उतरवलं होतं. राइट कंपनीचं हे प्रचंड इंजिन तापायचं, आणि त्याच्या काही भागांत मॅग्नेशियमचा मिश्रधातू. तो एकदा पेटला की विझवणं जवळजवळ अशक्य. त्या दिवशी आग पंखाच्या आत पसरली. पंखाचा मुख्य कणा जळतोय हे विमानातून सांगितलेलं जमिनीवर ऐकू आलं. धावपट्टी थोडक्यात हुकली आणि विमान मांस प्रक्रियेच्या कारखान्यावर कोसळलं. विमानातले अकराही गेले, कारखान्यातले सुमारे वीस कामगार आणि एक अग्निशामक जवानही. बी-२९ चा पहिला नमुना आकाशात झेपावण्याआधीच सरकारने १,६०० हून अधिक विमानांची मागणी नोंदवलेली होती. म्हणजे चाचणीचा निकाल काहीही लागो, विमान बनणारच होतं. अशा वेळी चाचणी वैमानिक नेमकं काय तपासत असतो, मला खरंच प्रश्न पडतो.

आणि मरणारे नेहमी विमानातलेच नसत. २३ ऑगस्ट १९४४ ला इंग्लंडमधल्या वॉर्टनहून दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी उडालेलं अमेरिकी बी-२४ बॉम्बर वादळात सापडलं आणि शेजारच्या फ्रेकलटन गावात, शाळेवर पडलं. एकूण ६१ मृत, त्यांत ३८ मुलं. अमेरिकी सैनिकांनी पुढे स्वतःच्या पैशांतून आणि श्रमांतून गावातल्या मुलांसाठी खेळाचं मैदान करून दिलं.

राहिला मानाचा प्रश्न. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींत भेद नाही. सरावात मेलेल्याचा दगड आणि बर्लिनवर पडलेल्याचा दगड सारखाच, मरण कसं आलं ते त्यावर लिहीत नाहीत. अमेरिकेत मात्र ‘वास्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महिला वैमानिकांच्या वाट्याला वेगळं आलं. हजाराहून अधिक बायका कारखान्यातून नवी विमानं तळावर पोहोचवत, दुरुस्त झालेली विमानं तपासून पाहत, तोफखान्याच्या सरावासाठी कापडी लक्ष्य मागे बांधून उडत. त्यांतल्या ३८ जणी मेल्या. कागदोपत्री त्या सैनिक नव्हत्या, नागरी नोकर होत्या, म्हणून शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही, लष्करी अंत्यसंस्कार नाही. मृतदेह घरी पाठवायचा खर्चही घरच्यांचा, आणि तो झेपणारा नसेल तर मैत्रिणी आपसात वर्गणी काढत. माजी सैनिकाचा दर्जा त्यांना १९७७ मध्ये कायद्याने मिळाला, आणि अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक २०१० मध्ये. तोवर वर्गणी काढणाऱ्यांपैकीही बहुतेक जणी हयात नव्हत्या.