न जळणाऱ्या धाग्यावर जळणारा कार्बन कशासाठी?

प्रश्न : नमस्कार सर, आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. भाचा फ्रान्सला बोर्दोमध्ये शिकतोय, तो म्हणतो तिकडं भट्टीची उष्णता सोसणारं सिरॅमिकचं सूत असतं आणि त्याच्यावर कार्बनचा अगदी पातळ थर चढवतात. कार्बन म्हणजे कोळसाच ना, आणि कोळसा तर जळतो, मग असल्या धाग्याला त्याचं कसलं संरक्षण? का सुताला खळ लावतो त्या आमच्या सायझिंगसारखंच काहीतरी आहे?

उत्तर : दादा, शंका एकदम रास्त आहे. हा थर उष्णतेपासून वाचवायला लावतच नाहीत, तो लावतात धागा आजूबाजूच्या मालाला घट्ट चिकटून बसू नये म्हणून, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

घडीची पोळी करताना आत तेलाचं बोट फिरवून वर पीठ भुरभुरतात, का तर पदर सुटावेत, आणि ते करायचं राहून गेलं तर सगळं एकमेकांना चिकटून एकच जाड गोळा होतो. इथं धागाही सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन मिळून झालेल्या सिरॅमिकचा, आणि धाग्यांमधल्या फटी भरणारा मालही बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडचाच, म्हणजे दोन्ही ठिसूळ. ते एकमेकांना पक्के चिकटले तर एका बाजूला पडलेली चीर धागाबिगा काही न बघता सरळ आरपार जाते आणि वस्तू कपबशीसारखी फुटते, मग एवढं महागाचं सूत घालून उपयोग काय. मध्ये कार्बन असला की चीर धाग्यापाशी येते, तिला तो कच्चा थर सापडतो आणि ती वळून धाग्याच्या कडेकडेनं जाते, धागा शाबूत राहतो आणि चिरेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो. अजून ताण आला तर धागे कुठंतरी आत तुटतात आणि घासत घासत बाहेर ओढले जातात, त्या घासण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते.

मोडलेले दोन तुकडे मी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिलेत. थर नसलेला तुकडा कौल फुटावं तसा सपाट तुटलेला होता, आणि थर असलेल्याची कड म्हणजे जुना ब्रश, हजारो धागे कमीजास्त लांबीचे बाहेर आलेले आणि मध्ये मध्ये उपसून गेलेल्या धाग्यांची गोल भोकं. ते एकदा बघितलं की पुढं काही समजावून सांगावं लागत नाही.

जाडीचं म्हणाल तर धागा साधारण 14 मायक्रॉनचा, केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा, आणि थर काहीशे नॅनोमीटरचा, म्हणजे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. फार पातळ झाला तर चीर वळत नाही, फार जाड झाला तर धागा ढिला पडतो आणि मालावरचा भार त्याच्यापर्यंत पोचतच नाही. चढवतात कसा, तर सूत किंवा विणलेलं कापड भट्टीत ठेवून हवा काढून घेतात, 1000 डिग्रीच्या आसपास तापवतात आणि कमी दाबानं मिथेन किंवा प्रोपेन सोडतात, त्या गॅसचे रेणू तापलेल्या धाग्यावर तुटतात आणि कार्बन तिथंच जमतो. इथं घाई चालत नाही, घाई केली की पेडाच्या बाहेरच्या धाग्यांवर जाड थर बसतो आणि आतले उपाशी राहतात.

हे सूत जपानच्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी 1975 च्या सुमारास बनवलं. पुढं अमेरिकेत ते काचेसारख्या सिरॅमिकमध्ये घालून बघितलं तर तुकडा अपेक्षेपेक्षा खूपच चिवट निघाला, आणि शोधल्यावर कळलं की भट्टीतल्या रासायनिक क्रियेत धाग्याभोवती कार्बनचा पापुद्रा आपोआपच तयार झाला होता. मग तोच मुद्दाम चढवायला सुरुवात झाली, आणि त्यात बोर्दोच्या रॉजर नास्लँ यांच्या प्रयोगशाळेचं काम फार मोठं आहे, म्हणजे भाचा योग्य गावी पोचलाय.

आता तुमचा मूळ मुद्दा, कोळसा जळतो. जळतोच. चीर पडून हवा आत शिरली की 500 डिग्रीच्या आसपास हा थर जळायला लागतो, धाग्याभोवती पोकळ नळी उरते, पुढं त्या पोकळीत सिलिका म्हणजे काच तयार होते आणि धागा परत मालाला चिकटतो, की झाली पुन्हा कपबशी. म्हणून जेट इंजिनात बहुतेक बोरॉन नायट्राइडचा थर वापरतात. आपल्याकडं अकासाची बोइंग 737 मॅक्स विमानं ज्या लीप इंजिनांवर उडतात त्यांच्या टर्बाइनभोवतीच्या कड्यात हेच सिरॅमिक आहे, वजनाला निकेलच्या मिश्रधातूच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं. पण अणुभट्टीत बोरॉन चालत नाही, तो न्यूट्रॉन गिळतो. 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात इंधन ठेवायच्या झिर्कोनियम धातूच्या नळ्या आणि वाफ यांच्यातून हायड्रोजन निघून स्फोट झाले, तेव्हापासून या सिरॅमिकच्या नळ्यांवर जोरात संशोधन चालू आहे आणि तिथं कार्बनचाच थर लागतो.

आणि हो, सायझिंग. या सुतालाही असतं, विणताना तुटू नये म्हणून, तुमच्या खळीचंच काम. पण कार्बन चढवायच्या आधी ते जाळून काढावं लागतं, नाहीतर खालचा डाग तसाच राहतो आणि थर सारखा बसत नाही.

प्रश्न : मी नाशिकला अकरावीत आहे. मेणबत्तीची काजळी धाग्यावर धरली तर तसाच थर होईल का?

उत्तर : नाही रे, काजळी म्हणजे हवेत आधीच तयार झालेले कण येऊन बसतात, बोटानं पुसले की गेले. भट्टीतला कार्बन धाग्यावरच वाढतो, त्याचे पदर ग्रॅफाइटसारखे धाग्याला समांतर असतात आणि एकमेकांवरून सरकतात. भट्टीच्या वाटेला घरी अजिबात जाऊ नकोस, तापलेल्या भट्टीत गॅस आणि हवा एकत्र आले तर स्फोट होतो. त्यापेक्षा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये एक साधा दोरा आणि एक तेल लावलेला दोरा अर्धा-अर्धा पुरून ठेव, दोन दिवस सुकू दे आणि मग दोन्ही ओढून बघ, कुठला कसा निघतो आणि किती जोर लागतो ते लिहून कळव.